स्लोव्हेनियन पुरुषनावाचा उगम आणि अर्थ शोधायचा कसा

प्रिमोझ रोग्लिच आणि तादेय पोगाचार हे सायकलपटू, यान ओब्लाक हा गोलरक्षक, आन्झे कोपितार हा आइस हॉकीपटू. ही चारही नावं स्लोव्हेनियात नेहमी कानावर पडणारी, पण एकाचाही अर्थ स्लोव्हेनियन शब्दकोशात मिळत नाही. प्रिमोझ मुळात लॅटिन, तादेय म्हणजे बायबलमधला तद्दय, यान आणि आन्झे ही दोन्ही योहानाची रूपं. म्हणून नाव हातात आलं की अर्थाकडे धावू नका. ते कोणत्या वाटेने आलं हे आधी ठरवा. वाट सापडली की अर्थ फारसा लपून राहत नाही; वाट चुकली तर शब्दकोशातून भलताच शब्द काढून नावाला चिकटवला जातो.

तीन प्रश्न सुरुवातीपासून वेगळे ठेवा: नावाचं आजचं रूप कशातून तयार झालं, मूळ भाषेत त्याचा अर्थ काय होता, आणि या विशिष्ट माणसाला ते का ठेवलं गेलं. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याला देणं ही या विषयातली सर्वात जास्त आढळणारी चूक. येर्नेय या नावाचा मुळातला अर्थ 'तलमयचा मुलगा' असा आहे, पण कोणत्याही आईबापाने तो मनात धरून ते ठेवलेलं नाही. 24 ऑगस्टच्या संताचं नाव म्हणून किंवा आजोबांचं नाव म्हणून ठेवलं.

नाव नीट वाचा

स्लोव्हेनियन वर्णमालेत 25 अक्षरं आहेत. त्यांतल्या तीन अक्षरांवर एक छोटी खूण असते, तिला 'स्ट्रेशित्सा' म्हणतात. खुणेचा 'सी' म्हणजे 'चार'मधला च, बिनखुणेचा 'सी' म्हणजे 'चोर'मधला च. खुणेचा 'एस' म्हणजे श. बिनखुणेचा 'झेड' आपल्या 'जोर'मधल्या ज च्या जवळ जातो, तर खुणेच्या 'झेड'साठी देवनागरीत झ वरच भागवावं लागतं. 'जे' हे अक्षर नेहमी य असतं, त्यामुळे 'जानेज', 'जाकोब', 'जुरे' हे वाचन चूक. यानेज, याकोब, युरे असं म्हणायचं. इथे पुढे ज दिसला की तो बिनखुणेचा झेड आणि झ दिसला की खुणेचा, असं समजा.

हा भेद महत्त्वाचा आहे, कारण ईमेल पत्ते, क्रीडास्पर्धांच्या याद्या आणि परदेशी कागदपत्रं या खुणा गाळतात. खूण गेली की झिगाचा 'जिगा' होतो आणि मात्याझचा 'मात्याज'. शोध सुरू करण्याआधी खुणा परत बसवा. शेवटी 'झेड' आणि त्याआधी स्वर असं पुरुषनाव दिसलं तर बहुतेक वेळा तिथे खूण असते. यानेज हा ठळक अपवाद.

जुन्या छापील मजकुरात आणखी एक अडचण येते. आजची लिपी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर रुळली. त्याआधी 'बोहोरिचित्सा' वापरात होती, 1584 साली लॅटिनमधून स्लोव्हेनियन व्याकरण लिहिणाऱ्या आदाम बोहोरिचच्या नावाची. तिच्यात आखूड 'एस' म्हणजे ज, लांब 'एस' म्हणजे स, आखूड 'एस'ला 'एच' जोडला की झ, लांब 'एस'ला जोडला की श, 'झेड'ला 'एच' जोडला की च. त्यामुळे झिगा हे नाव जुन्या पानावर 'शिगा' वाचलं जातं. नव्या प्रतींमध्ये लांब आणि आखूड 'एस' एकाच अक्षरात छापले असतील तर स की ज, श की झ हे पानावरून ठरत नाही. अशा वेळी तोच मजकूर मूळ प्रतीच्या छायाचित्रात पाहा.

नाव प्रथमेत आणा

स्लोव्हेनियनमध्ये नावांना विभक्ती लागते, आणि पुरुषनामाचं द्वितीयेतलं रूप षष्ठीसारखंच असतं. म्हणजे कागदावर दिसलेलं रूप मूळ नाव असेलच असं नाही. 'सिन पेत्रा' याचा अर्थ 'पेतरचा मुलगा'. पेतरला विभक्ती लागताना मधला स्वर गळतो आणि 'पेत्रा' उरतं, आणि पेत्रा हे एक प्रचलित स्त्रीनावही आहे. वंशावळीत बापाच्या जागी बाई येऊन बसते ती इथेच. पावेलचं पाव्ला आणि कारेलचं कार्ला यांतही हाच धोका.

काही नेहमीचे साचे लक्षात ठेवले की काम सोपं होतं. तोंडी वळणाच्या ए-कारान्त नावांना त जोडला जातो: फ्रान्चेचं फ्रान्चेता, योझेचं योझेता, तोनेचं तोनेता. राष्ट्रकवी प्रेशेरेनच्या 1847 सालच्या काव्यसंग्रहाच्या मुखपृष्ठावरही 'फ्रान्चेता' असंच आहे, ते वेगळं नाव नव्हे. र ने संपणाऱ्या अनेक नावांत य शिरतो: इगोरचं इगोर्या, ग्रेगोरचं ग्रेगोर्या. लुका, मिहा, झिगा अशा आ-कारान्त पुरुषनावांना दोन्ही प्रकारे विभक्ती लागते, लुकाचं षष्ठीत 'लुका'ही होतं आणि 'लुके'ही. शंका आली तर 2001 सालच्या अधिकृत शुद्धलेखनकोशात नाव पाहा. त्यात विभक्तीचं रूप दिलेलं असतं आणि तो 'फ्रान' या संकेतस्थळावर मोफत चाळता येतो.

आखूड रूपाचं पूर्ण रूप

पुढचा प्रश्न: हे नाव पूर्ण आहे की कापलेलं? स्लोव्हेनियनमध्ये लांब नाव पुष्कळदा पुढून कापलं जातं. आलोय्जियचं लोय्जे, इग्नात्सचं नाचे, विन्चेन्चचं चेने, लेओपोल्दचं पोल्दे, आन्तोनचं तोने, येर्नेयचं नेय्च. पुष्कळ नावांत कारण सरळ आहे: आघात, म्हणजे उच्चारातला जोर, पहिल्या अक्षरावर नसून मागे असतो, आणि बोलताना आघाताचं अक्षर टिकतं, त्याच्या आधीचं गळतं. त्यामुळे आखूड नाव पाहून 'मूळ नाव याच अक्षराने सुरू होत असेल' असं धरू नका. नाचे शोधायचं तर 'इ'च्या पानावर जावं लागतं.

काही आखूड रूपं एकापेक्षा जास्त नावांची असतात. तिने हा वालेन्तिन असू शकतो, मार्तिन किंवा आव्गुश्तिनही असू शकतो. स्लाव्को हा 'स्लाव' असलेल्या कोणत्याही नावातून निघू शकतो. अशा ठिकाणी भाषाशास्त्र उत्तर देत नाही, त्या माणसाचा बाप्तिस्म्याचा दाखलाच देतो.

आणि एक लक्षात असू द्या: आज नेय्च, आन्झे, मिहा, याका, मातिच, दोमेन ही नावं जन्मनोंदणीतच असतात. त्या माणसाचं खरं नाव 'येर्नेय' किंवा 'याकोब' आहे असं लिहिणं चूक. नाव व्युत्पत्तीने आखूड आहे, कायद्याने पूर्ण.

चर्चची वाट, तीही जर्मन तोंडातून

स्लोव्हेनियन पुरुषनावांचा सर्वात मोठा साठा संतनामांचा. आठव्या शतकात या भागात ख्रिस्ती धर्म उत्तरेकडून साल्झबुर्ग आणि दक्षिणेकडून अक्विलेया अशा दोन केंद्रांतून आला. 811 साली शार्लमेनने द्रावा नदी ही दोघांची हद्द ठरवली. लॅटिन नावं सामान्य माणसाच्या कानावर पडली ती मात्र मोठ्या प्रमाणात बव्हेरियन जर्मन उच्चारातून, आणि तिथेच या नावांची खरी किल्ली आहे.

मध्ययुगीन जर्मनमधला 'एस' आजच्यासारखा नव्हता. स्लाव्हिक कानाला तो श किंवा झ च्या जवळचा वाटे. सामान्य शब्दांतही ही खूण राहिली आहे: रेशमाला स्लोव्हेनियनमध्ये 'झिदा' असाही जुना शब्द आहे, जुन्या जर्मन 'सीदा'वरून, आणि करवतीला 'झागा', 'सागा'वरून. नावांनाही तोच नियम लावा. शेवटच्या 'स'चा झ झाला: प्रिमुसचं प्रिमोझ, थॉमसचं तोमाझ, अंद्रेआसचं आन्द्राझ, ब्लासिउसचं ब्लाझ, निकोलाउसचं मिक्लाउझ, मथिआसचं मात्याझ. सुरुवातीच्या 'स'चाही झाला: सिगिस्मुंडचं झिगा. काही ठिकाणी श झाला, जसं आलेक्सिउसचं आलेश. ओझ्बाल्त हे नाव कोडं वाटतं, पण जर्मन ओस्वाल्ड घ्या, 'स'चा झ करा, बव्हेरियन तोंडातला 'व' ब म्हणून ऐका, की नाव जागच्या जागी बसतं.

उलट दिशेनेही हाच नियम वापरायचा. शेवटचा झ काढून तिथे 'स' ठेवा आणि लॅटिन कॅलेंडरमध्ये असा संत आहे का ते पाहा. प्रिमोझ ते 'प्रिमोस', तिथून प्रिमुस. 9 जूनला प्रिमुस आणि फेलिसियन या हुतात्म्यांचा दिवस येतो. लॅटिनमध्ये प्रिमुस म्हणजे पहिला. पहिलं स्लोव्हेनियन छापील पुस्तक 1550 साली काढणारा प्रिमोझ त्रुबार जन्मला 1508 मध्ये, तेव्हा हे नाव चांगलंच मुरलेलं होतं.

नियम यांत्रिकपणे मात्र चालवू नका. योहान्नेसचं यानेज झालं, 'यानेझ' नाही. एकाच संताचं नाव वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या तोंडून आलं की रूपं वेगळी पडतात. योहानाचीच पाहा: जुन्या स्लाव्हिक वाटेने इवान, लॅटिन-जर्मन वाटेने यानेज, जर्मन हान्सवरून आन्झे, शिवाय यान आणि यान्को, आणि अलीकडे फ्रेंच उच्चाराचं झान. अर्थ सगळ्यांचा एकच, हिब्रूत 'यहोवा कृपाळू आहे'. वाटा वेगळ्या. नोंद लिहिताना वाट लिहिली नाही तर या सहा नावांत फरकच राहत नाही.

एक नाव जवळून: तिलेन

तिलेन हे नाव मुद्दाम घेतलं आहे, कारण त्यात जवळजवळ सगळ्या पायऱ्या लागतात. स्लोव्हेनियन शब्दकोशात त्याच्या जवळ जाणारं काही नाही. स्लाव्हिक नावांत असतो तसा कोणताही घटक त्यात दिसत नाही. लॅटिन संतांच्या यादीत 'तिलेनुस' नाही. इथे बरेच जण थांबतात आणि 'अर्थ अज्ञात' असं लिहून टाकतात.

आता स्थलनामांकडे वळा. स्लोव्हेनियात संतांच्या नावाची गावं खूप आहेत आणि त्यांत 'संत' हा शब्द शेंट-, शेम-, श- अशा रूपांत नावाला चिकटलेला असतो: शेंटविद, शेंटयुर, शेंटयेर्नेय, शेम्पेतर, श्मार्तनो, श्कोच्यान. ऑस्ट्रियाच्या सीमेवर शेंटइल्य आहे. हा इल्य म्हणजे संत एगिदिउस. जर्मनमध्ये याच संताचं तोंडी रूप इल्गेन किंवा गिल्गेन. साल्झबुर्गजवळचं सांक्ट गिल्गेन हे गाव त्याच्याच नावाचं. स्लोव्हेनियन तोंडात 'शेंट' आणि 'इलेन' एका दमात म्हटले गेले, आणि बोलणाऱ्यांनी तोडताना 'शेंट'चा शेवटचा त पुढच्या नावाला देऊन टाकला. तिलेन तयार झालं.

पुढचा अर्थ ग्रीकमध्ये आहे. एगिदिउसमागे 'एगिदिओन' म्हणजे करडू, शेळीचं पिल्लू, हा शब्द सांगितला जातो. नामदिन, म्हणजे त्या संताचा कॅलेंडरमधला दिवस, 1 सप्टेंबर. चर्चच्या जुन्या वहीत तिलेन नावाचा पूर्वज शोधत असाल तर 'त'च्या पानांवर वेळ घालवू नका, तिथे 'एगिदिउस' लिहिलेलं असेल.

या उदाहरणातून एक सवय उचलण्यासारखी आहे: नाव अडलं की त्या संताचं चर्च किंवा गाव शोधा आणि त्या गावाचं जुनं जर्मन नाव पाहा. दोलेन्स्कातल्या शेंटयेर्नेयचं जर्मन नाव सांक्ट बार्थोलोमे. येर्नेय म्हणजे बर्थलमय, हे एवढ्या एका जोडीतून कळतं. गावनावांच्या व्युत्पत्तीसाठी मार्को स्नोय यांचा 2009 सालचा कोश सर्वात भरवशाचा.

स्लाव्हिक नावं: दोन घटक वेगळे करा

नाव स्लाव्हिक वाटलं तर ते दोन घटकांत फोडून पाहा. बोगोमिर, व्लादिमिर, मिरोस्लाव, स्तानिस्लाव, रादोस्लाव, द्रागोमिर, बोरिस्लाव. घटक मोजके आहेत: स्लाव म्हणजे कीर्ती, बोग म्हणजे देव, द्राग आणि मिल म्हणजे प्रिय, व्लाद म्हणजे सत्ता, रादमध्ये आनंदाची छटा, बोरमध्ये झुंजीची. फोडल्यावर दोन्ही तुकडे ओळखीचे निघाले पाहिजेत. एकच निघाला तर फोड चुकीच्या जागी झाली आहे.

शब्दशः वाक्य मात्र बनवू नका. अशा नावांत घटक पूर्वापार एकमेकांशी जोडले जात, बापाचा एक आणि आजोबांचा एक घेऊनही नाव होई. 'ज्याची कीर्ती टिकून राहो' अशी गोड वाक्यं अर्थ म्हणून छापली जातात, पण ती नंतर रचलेली असतात. 'घटक अमुक आणि अमुक' एवढं लिहिलेलं बरं.

'मिर' हा घटक फसवा आहे. आज त्याचा अर्थ शांती, पण जुन्या नावांत तो मुळात 'मेर' होता, म्हणजे थोर किंवा विख्यात, गॉथिक या जुन्या जर्मानिक भाषेतल्या 'मेर्स'चा नातलग. पुढे लोकांनी त्यात ओळखीचा 'मिर' ऐकला आणि रूप बदललं. म्हणून व्लादिमिरसारख्या जुन्या नावाला 'शांतीने राज्य करणारा' असं लिहू नका. प्रेशेरेनच्या 1836 सालच्या काव्यातला नायक चर्तोमिर. त्यातला पहिला घटक द्वेष दाखवणाऱ्या 'चर्तिती' या क्रियापदाशी जोडला जातो, आणि त्यापुढे 'शांती' लावली तर काहीच जुळत नाही.

गोराज्दमध्ये पर्वतवाचक 'गोरा' दिसतो, तोही आभास. जुन्या स्लाव्हिकमध्ये 'गोराज्द' हा सबंध शब्दच आहे, अर्थ कुशल.

या नावांचा इतिहास सलग नाही आणि इथे काळाची चूक फार होते. आठव्या शतकातल्या कारांतानिया या स्लाव्हिक राज्याच्या सरदारांची नावं साल्झबुर्गमध्ये 870 च्या सुमारास लिहिलेल्या लॅटिन वृत्तांतात आहेत: बोरुथ, काकातिउस, खैत्मार. आज आपण त्यांना बोरुत, गोराज्द, होतिमिर म्हणतो. बोरुत स्वच्छ आहे, होतिमिर ध्वनीने पटतं, पण काकातिउसचं गोराज्द हे परंपरेने ठरलेलं वाचन आहे, तसं स्पष्ट लिहावं. मध्ययुगाच्या अखेरीपर्यंत संतनामांनी ही नावं जवळजवळ पुसून टाकली. आजचे बोरुत आणि गोराज्द हे राष्ट्रीय जागृतीनंतर पुस्तकांतून परत आलेले. 'घराण्यात हजार वर्षं चालत आलेलं नाव' असा दावा कुणी केला तर तो मानू नका.

भाषांतरित नावं

एकोणिसाव्या शतकात राष्ट्राभिमानी मंडळींनी संतनामांना स्लाव्हिक पर्याय दिले, आणि इथे कागदपत्रांत एकाच माणसाची दोन नावं मिळतात. वालेन्तिन लॅटिन 'वालेन्स'वरून, म्हणजे सुदृढ. त्याचं ज्द्राव्को झालं, 'ज्द्राव' म्हणजे निरोगी. फेलिक्स म्हणजे भाग्यवान, त्याचं स्रेच्को. विक्तोरचं ज्मागोस्लाव, आखूड ज्मागो. कारेलचं द्रागोतिन: कवी द्रागोतिन केत्ते बाप्तिस्म्याने कारेल होता. हे भाषांतर चुकीच्या व्युत्पत्तीवर उभं आहे. कारोलुसमध्ये लॅटिन 'कारुस' म्हणजे प्रिय असा शब्द पाहिला गेला, प्रत्यक्षात कार्ल हा जर्मानिक शब्द, अर्थ स्वतंत्र पुरुष. द्रागोतिनचा अर्थ लिहिताना दोन्ही लिहा: घटकाचा अर्थ 'प्रिय', आणि कारेलच्या जागी ते कसं आलं.

व्यवहारात याचा उपयोग असा की विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा स्रेच्को चर्चच्या वहीत मिळाला नाही तर फेलिक्स शोधून पाहा.

शब्दकोशातले जुळे

लुका स्लोव्हेनियनमध्ये बंदर. रोक म्हणजे मुदत. विद म्हणजे दृष्टी. बोर म्हणजे पाइनचं झाड. लेव म्हणजे सिंह. यांतली पहिली तीन नावं त्या शब्दांवरून आलेली नाहीत. लुका हा ग्रीक लूकास, बहुधा 'लुकानिया प्रांतातला'. रोक हा संत रोखुस. विद हा 15 जूनचा संत वितुस. विदच्या बाबतीत लोकांनीच दृष्टीशी नातं जोडलं आणि डोळ्यांच्या दुखण्यासाठी त्याला नवस बोलू लागले. नोंदीत हे लोकसमजूत म्हणून यावं, व्युत्पत्ती म्हणून नाही.

उलट स्वित म्हणजे पहाट, वाल म्हणजे लाट, लान म्हणजे जवस ही अलीकडची नावं आज सरळ शब्दाच्या अर्थानेच वाचली जातात. ओळखायची खूण: नाव कॅलेंडरमध्ये आहे का, आणि जुन्या वह्यांत दिसतं का. दोन्हीकडे नसेल आणि सगळे धारक तरुण असतील तर शब्दकोश बिनधास्त उघडा.

शेजारून आलेली नावं वेगळी धरा. युगोस्लाव्हियाच्या काळात दुशान, मिलोश, गोरान, देयान दक्षिणेकडून पसरली. उरोश तर सर्बियन राजघराण्यातलं, आणि त्यामागे हंगेरियन 'उर' म्हणजे स्वामी हा शब्द मानतात. मित्या रशियन वळणाचं, द्मित्रीवरून.

चर्चच्या वह्या

एखाद्या विशिष्ट माणसाचं नाव हवं असेल तर बाप्तिस्म्याच्या वहीला पर्याय नाही. 1784 साली सम्राट योझेफ दुसऱ्याच्या फर्मानाने या नोंदींना ठरावीक रकाने आले. त्याआधीच्या सलग वाक्यांत असतात. ल्युब्लियाना आणि मारिबोर धर्मप्रांतांच्या पुष्कळ वह्या 'मात्रिकुला' या संकेतस्थळावर छायाचित्रांच्या रूपात पाहता येतात.

वहीतलं नाव घरात हाक मारायचं नाव नव्हे. पाद्री लॅटिन किंवा जर्मन लिहीत. उर्ह म्हणजे उदाल्रिकुस किंवा उलरिख, योश्त म्हणजे योदोकुस, युरिय म्हणजे गेओर्गिउस, लोव्रो म्हणजे लाउरेन्तिउस, गाश्पेर म्हणजे कास्पारुस. आणि प्रदेश बदलला की लिपीकाची भाषा बदलते: प्रेक्मुर्ये 1919 पर्यंत हंगेरीत होतं, तिथे यानोश आणि फेरेंच, प्रिमोर्स्का दोन महायुद्धांच्या मध्ये इटलीत, तिथे फासिस्ट राजवटीत योझेफचा जुझेप्पे आणि यानेजचा जोव्हान्नी केला गेला. तशा नोंदीवरून 'नाव इटालियन होतं' असा निष्कर्ष काढू नका.

मातेय, मातेउझ, मातिया, मात्याझ या चौकडीकडे विशेष लक्ष द्या. पहिली दोन मत्तयाची, मथेउसवरून. दुसरी दोन मत्थियाची, मथिआसवरून. दोघेही वेगळे संत, जरी दोन्ही नावांचा हिब्रू अर्थ 'देवाची देणगी' असाच असला. वहीत 'मथ' एवढंच आखूड लिहिलेलं असेल तर षष्ठी पाहा: 'मथेई' असेल तर मत्तय, 'मथिए' असेल तर मत्थिया. तेही नसेल तर जन्मतारीख पाहा. मूल जवळच्या सणाच्या संताच्या नावाने नोंदलं जाणं नेहमीचं होतं. मत्तयाचा दिवस 21 सप्टेंबर, मत्थियाचा त्या काळात 24 फेब्रुवारी. आधुनिक कॅलेंडरमध्ये तो 14 मे ला गेला आहे, म्हणून जुन्या नोंदीला जुनंच कॅलेंडर लावा. तारीख कुठेच जुळत नसेल तर धर्मपित्याच्या रकान्यात डोकवा. मुलाला त्याचंच नाव दिलेलं पुष्कळदा सापडतं.

कशात काय पाहायचं

क्रम असा ठेवला तर वेळ वाचतो. आधी स्लोव्हेनियाच्या सांख्यिकी कार्यालयाचा नावांचा शोध: किती जणांचं नाव आहे, कोणत्या दशकात जन्मलेल्यांत जास्त, कोणत्या भागात जास्त. पाचपेक्षा कमी जणांचं नाव तिथे दाखवत नाहीत, त्यामुळे निकाल आला नाही म्हणजे नाव अस्तित्वात नाही असं नाही. दशकांचा आलेख वाट ओळखायला फार कामाचा: वयस्क धारकांत फ्रान्च आणि यानेज, तरुणांत लुका आणि निक. नंतर यानेज केबेर यांचा नावांचा कोश, पहिली आवृत्ती 1988 ची. पुरुषनावांसाठी याहून चांगलं एकही पुस्तक नाही. रूपांतरं, नामदिन आणि आडनावं एकत्र मिळतात. त्यानंतर स्नोय यांचा व्युत्पत्तिकोश, पण तो सामान्य शब्दांसाठी. स्लाव्हिक घटकांच्या अर्थापुरता वापरा. मुलांच्या नावांची संकेतस्थळं शेवटी, आणि तीही फक्त रूपांच्या यादीसाठी. त्यांच्यावर एकाची चूक दुसरा उतरवतो आणि दहा ठिकाणी दिसली म्हणून ती खरी वाटू लागते.

नोंद लिहिताना

रूप, वाट, मूळ, अर्थ, नामदिन या क्रमाने दोन-तीन ओळी पुरतात. 'नेय्च: येर्नेयचं आखूड रूप, आज स्वतंत्र नाव. येर्नेय हे लॅटिन बार्थोलोमेउसचं स्लोव्हेनियन लोकरूप. मूळ अरामी, तलमयचा मुलगा. 24 ऑगस्ट.' यात कुठेही विशेषणांची गरज नाही. 'बलवान', 'देखणा', 'नेता' असले शब्द नोंदीत दिसले की ते कुठून आले ते विचारा. बहुतेक वेळा कुठूनच नाही.

दोन उगम तितकेच शक्य असतील तर दोन्ही लिहा, एक निवडू नका. बोर हे नाव बोरिस्लावचं आखूड रूप असू शकतं आणि पाइन वृक्षावरून ठेवलेलंही. 1930 च्या आधी जन्मलेल्या बोरसाठी आधी पहिली शक्यता तपासा. आजच्या बाळाच्या बाबतीत मात्र आईवडिलांना विचारणं हाच एकमेव पुरावा आहे.